जगबुडीचे प्राध्यापक आणि चिंबोरीचं भोक

चिंचखारचा निकेत मोकल डॉक्टर झाला तेव्हा गावातल्या तीन बायका गुडघे दाखवायला आल्या. त्यांची काही चूक नव्हती. दारावर पितळी पाटी लागली होती, 'डॉ. निकेत रामचंद्र मोकल', आणि कशाचे डॉक्टर ते पाटीवर नव्हतं. लिहिलं असतं तर पाटी दारापेक्षा लांब झाली असती. प्रबंध इंग्रजीत होता, मराठीत त्याचं नाव होतं 'प्रलयोत्तर विज्ञानकथांतील उद्ध्वस्त भूदृश्ये आणि अवशिष्ट मानवाची जाणीव'. निकेतच्या आयनं, सखुबाईनं, तिघींना ओटीवर बसवून चहा दिला आणि सरळ सांगून टाकलं.

"गुडघ्याचा नाय गो. जग बुडल्यावर मागं जी मानसा ऱ्हातील, त्यांचा डाक्टर हाय."

"मंग आमी थांबताव," गोदूबाई म्हणाली. "गुडघा तवर ऱ्हायला तर दाखवू."

आता हा विषय अलिबागकडच्या खारेपाटातल्या पोराच्या डोक्यात आला कुठून? तर आला नव्हता, पदरात पडला होता. मुंबईला विद्यापीठात मार्गदर्शक सरांकडे तो गेला तेव्हा सरांनी कपाटातून यादी काढली. ग्रामीण साहित्य, दोन विद्यार्थी. स्त्रियांची आत्मचरित्रं, पाच विद्यार्थिनी. परदेशात गेलेल्यांची हुरहूर, सात जण, शिवाय एक प्रतीक्षेत. यादीच्या तळाशी एकच ओळ मोकळी होती. "जगबुडी रिकामी आहे," सर म्हणाले. "घेता?" मिनीडोर रिक्षात ड्रायव्हरशेजारची अर्धी जागा मिळावी तशी निकेतनं ती घेतली. पुढे त्याचा फायदाही कळला. या विषयातलं महाराष्ट्रात फारसं कोणाला काही ठाऊक नसल्यामुळे तोंडी परीक्षेला दोन्ही परीक्षकांनी त्याला प्रवास कसा झाला एवढंच विचारलं.

आळशी मात्र तो नव्हता, हे सांगायला हवं. चारशे बारा गोष्टी आणि कादंबऱ्या त्यानं वाचून काढल्या. कुठं रोगानं जग संपायचं, कुठं उल्केनं, कुठं माणसानंच केलेली यंत्रं उठून माणसाच्या बोकांडी बसायची. बर्फ पडायचा, वाळू उडायची, उरलेली दोन-तीन माणसं डबाबंद घेवडा खात रस्त्यानं चालत राहायची. निकेत या सगळ्याच्या टिपा काढायचा आणि रात्री जेवताना आयला सांगायचा.

"आय, समज सगला जग संपला. एकच मानूस उरला. त्यो पहिला कं करील?"

"जेवन," सखुबाई म्हणायची. "तू पन जेव. वाटी निवतेय."

चर्चासत्रं असायची. वीस मिनिटांत जग संपवायचं, पाच मिनिटं प्रश्नोत्तरं, मग जेवण. खांद्यावरची कापडी पिशवी आणि प्रमाणपत्र घेऊन घरी. अशा अठ्ठावीस पिशव्या सखुबाईकडे जमल्या होत्या. त्यात ती सुकी मासळी ठेवायची. 'मानवोत्तर जाणिवा : एक राष्ट्रीय चर्चासत्र' असं छापलेल्या पिशवीत सोडे, आणि 'अंतानंतर' असं लिहिलेल्या पिशवीत बोंबील.

लग्नाचंही असंच. मुलगी बघायला गेले की मुलीचा बाप विचारायचा, मुलगा करतो काय? मध्यस्थ सांगायचा, जग बुडाल्यावर काय होतं ते शिकवतो. बाप मान डोलवायचा. "ते बरोबर हाय. पन तवर कं करतो?"

आणि खरी मेख तिथेच होती. अलिबागच्या एका कॉलेजात निकेत अकरा वर्षं तासावर शिकवत होता. तासावर म्हणजे शिकवलं तर नोकरी, नाही शिकवलं तर नाही. दर एप्रिलअखेर त्याचं जग संपायचं आणि जुलैत कधीतरी, अर्ज-बिर्ज करून, उद्ध्वस्त भूदृश्यातून तो अवशिष्ट मानव पुन्हा वर्गात उभा राहायचा. चाळिशी दारात आली होती. शिपायाच्या खुर्चीवर शिपायाचं नाव होतं, निकेतला खुर्चीच नव्हती. अखेर अकराव्या वर्षी त्या कॉलेजात इंग्रजीची एक कायम जागा निघाली. एकच. मुलाखत पिठोरी अमावास्येच्या दिवशी, सकाळी साडेनऊला. ही जागा गेली तर पुढची निघेपर्यंत वयाची अट उलटणार होती. हे निकेतला ठाऊक होतं, सखुबाईला ठाऊक होतं, आणि सखुबाईला ठाऊक म्हणजे गावाला ठाऊक.

आता बांधाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

चिंचखार हे गाव मुळात समुद्राच्या जागेत बसलेलं आहे. वाडवडलांनी खाडीला मातीचा बांध घातला, आतली जमीन पावसाच्या पाण्यानं धुऊन धुऊन गोडी केली आणि तिच्यात भात लावलं. बांधाच्या एका अंगाला खारं, दुसऱ्या अंगाला गोडं, मध्ये आठ हात चिखल. तेवढ्या चिखलावर गाव जगतं. म्हणून बांधाचं काम गावानंच करायचं, घरटी एक माणूस, त्याला जोळ म्हणतात. जोळीला मंत्र्याचा मेव्हणा असलात तरी सुट्टी नाही. शिवाय प्रत्येक पुनवेला आणि अमाशेला, उधाणाच्या दिवशी, एका घरानं बांध चालून बघायचा. त्याला बारी म्हणतात. बारी चुकवत नाहीत.

बघायचं काय, तर भोक. चिंबोरी, म्हणजे खेकडी, बांधात बीळ करते. बोटाएवढं भोक, पण उधाणाचं पाणी त्यात शिरलं की आतली माती चाटत जातं आणि बोटाचं भोक तासाभरात बैलगाडी जाईल एवढी खांड होते. त्याला गावाचा एकच कायदा आहे. ज्याने देखला त्याचा भोक. दिसलं की तिथंच टाच रोवायची, हाक मारायची, आणि माणसं येईपर्यंत पाय काढायचा नाही. गोदूबाईचा नवरा सदा लग्नाच्या सकाळी, अंगाला हळद लागलेली असताना, परसाकडला म्हणून बांधावर गेला आणि त्याला भोक दिसलं. वऱ्हाड शोधत फिरलं. मुहूर्त टळला. नवरदेव भोकात टाच घालून बसलेला सापडला. "माज्या आधी याचा लगीन त्या चिंबोरीशी लागला," असं गोदूबाई आजही चारचौघांत म्हणते, पण म्हणताना तिची मान ताठ असते.

तर पिठोरीच्या अमाशेला बारी नेमकी मोकलांच्या घरची होती. बाप नाही, सखुबाईला पिठोरीचा उपास आणि पूजा. ती म्हणाली, "तुना स्टॅन्डवर जायाचा तर बांधावरनंच जा. वाट तीच हाय. बगत बगत जा."

निकेत निघाला. पांढरा सदरा, इस्त्रीची राखाडी पँट, काळे बूट पॉलिश केलेले, पाठीला लॅपटॉप. पाऊस थांबून थांबून बुरबुरत होता. गाव पिठोरीच्या गडबडीत घराघरांत होतं, बांधावर चिटपाखरू नव्हतं. खाडी ओहोटीला गेलेली, चिखल उघडा पडलेला. निकेतच्या तोंडात मुलाखतीची इंग्रजी वाक्यं चालली होती. विठोबाकाकांनी, म्हणजे बांधाचा कारभार बघणाऱ्या त्याच्या चुलत्यांनी, आदल्या संध्याकाळी कच्च्या जागेशी खूण म्हणून बांबू रोवून त्याला लाल फडकं बांधलं होतं. त्या बांबूच्या दोन पावलं पुढे निकेत थबकला.

शेतातलं पाणी बाहेर चाललं होतं. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला, कमरेएवढ्या खाली, एक भोक होतं आणि त्यातून गोड्या पाण्याची करंगळीएवढी धार गुळगुळ करत चिखलात पडत होती. ओहोटीला आतलं बाहेर येतंय, म्हणजे भरतीला बाहेरचं आत जाणार. हे चिंचखारच्या पाचवीतल्या पोराला कळतं. निकेतला तर वयाच्या सहाव्या वर्षी कळलं होतं, बापानं हात धरून दाखवलं होतं. सकाळचे सात चाळीस झाले होते. उधाणाची भरती साडेबाराला.

त्यानं बुटाकडे बघितलं. मग भोकाकडे. मग पुन्हा बुटाकडे.

तिकडे स्टॅन्डवर मिनीडोरनं हॉर्न दिला.

त्यानं विठोबाकाकांना फोन लावला. 'आपण संपर्क करीत असलेली व्यक्ती...' घरी लावता आला असता. पण आय काय म्हणणार ते त्याला ऐकू येत होतं, त्याला फोन लागत नाही. आय म्हणणार, टाच रोव. आयला फोन केला की मुलाखत गेली. हे त्यानं मनात इतकं पटकन उरकलं की आपण काही ठरवलं असं त्याला वाटलंसुद्धा नाही. बुटाच्या टोकानं त्यानं एक ढेकूळ खाली ढकललं. ते भोकाच्या शेजारून घरंगळत चिखलात गेलं. "मोठं नाहीये," तो स्वतःशी म्हणाला, आणि प्रमाण मराठीत म्हणाला. खोटं बोलायचं असलं की तो बोली सोडायचा.

पण तेवढ्यात त्याच्यातला अभ्यासक जागा झाला. काय ती प्रतिमा! राखाडी आभाळ, उघडा चिखल, तिरका बांबू, लाल फडकं आणि ते काळं भोक. मुलाखतीत पाच मिनिटांचं सादरीकरण होतं आणि त्यात स्थानिक संदर्भ कमी पडतो असं त्याला दोघांनी सांगितलं होतं. गुडघे न टेकता, पँट सांभाळत, उकिडवा होऊन त्यानं फोटो काढला. एक उभा, एक आडवा. मग धावला.

मिनीडोरमध्ये चौघांच्या जागेत सहावा बसून त्यानं तो फोटो शेवटच्या पानावर चढवला. खाली मथळा दिला, 'अंताची पहिली खूण'.

साडेनऊची मुलाखत घेणारी माणसं साडेअकराला आली. म्हणजे दोन तास निकेत कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर बसून होता. फोन हातात. फोनला रेंज पूर्ण. दहा वाजता त्यानं लिहायला घेतलं, 'काका, लाल फडक्याजवळ भोक...' आणि थांबला. भोक कवा देखलास, असं काका विचारणार. सात चाळीसला. मंग तिथून हाल्लास कसा? सात चाळीसला जी खबर होती, ती दहा वाजता कबुली झाली होती. त्यानं अक्षरं एक एक करून खोडली. शिपाई म्हणाला, "मोबाईल बंद ठेवा हां सर." एरवी शिपायाचं न ऐकणाऱ्या निकेतनं ताबडतोब ऐकलं.

आत तिघं होते. प्राचार्य, मुंबईहून आलेल्या विषयतज्ज्ञ बाई, आणि संस्थेचे संचालक कमलेशशेठ. कमलेशशेठ मूळचे खारेपाटातलेच, मिठागरवाल्यांच्या घरातले. आता त्यांचे बावीस डंपर चालतात. इंग्रजीशी त्यांचा संबंध डंपरच्या मागे लिहिलेल्या 'हॉर्न ओके प्लीज'पुरता. ते पेंगत होते.

निकेत छान बोलला. चारशे बारा गोष्टींचा अर्क त्यानं चार मिनिटांत काढला आणि मग भिंतीवर ते भोक आणलं. "जगाचा अंत मोठ्या आवाजात येत नाही," तो म्हणाला. "त्याची पहिली खूण नेहमी लहान असते. या सगळ्या साहित्यात एक पात्र हमखास भेटतं. ते खूण पाहतं आणि आपल्या कामाला निघून जातं. प्रलयाचा खरा जनक तोच."

"अप्रतिम!" विषयतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "किती आतून आलंय हे."

कमलेशशेठ जागे झाले होते. भिंतीकडे बघत ते पुढे सरकले. "ही चिंचखारची खाडी ना रं?"

"हो शेठ. माझं गाव."

"फोटो कवाचा?"

"मागच्या... मागच्या अमावास्येचा."

"मंग बुजवला?"

"हो. लगेच."

"कोनी?"

इथं 'गावानं' म्हणून सुटता आलं असतं. पण समोर अकरा वर्षांची खुर्ची दिसत होती. "मीच," निकेत म्हणाला. "आमच्यात पद्धत आहे, ज्याने देखला त्याचा भोक."

कमलेशशेठनी टेबलावर थाप मारली. "बगा सायेब. ह्यो वाक्य मी माज्या आज्याच्या तोंडून ऐकला व्हता. शिकला पन पाय मातीत हाय पोराचा." प्राचार्य हसले. बाई हसल्या. निकेतनंही हसून घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाहेर पडल्यावर प्राचार्यांनी मागून खांदा दाबला आणि डोळ्यांनी काय सांगायचं ते सांगितलं. निकेतनं बाजारात जाऊन अर्धा किलो पेढे घेतले. अलिबागेत हवा मोकळी होती, एवढ्या वर्षांनी समुद्रावर चक्कर टाकावी असं त्याला वाटलं, टाकली, शहाळं प्यायला. आणि स्टेटस ठेवला. तेच भोक, तोच बांबू, तेच फडकं. वर लिहिलं, 'मुलाखत सुंदर झाली. सादरीकरणातलं हे शेवटचं चित्र सर्वांना फार भावलं.' हात जोडलेली दोन चित्रं.

एवढा शिकलेला माणूस असं कसं करील, असं कुणाला वाटेल. त्याला माझं उत्तर असं की शिकलेलाच करील. ज्याला भोक दिसतं तो लपवतो. ज्याला प्रतिमा दिसते तो वाटत सुटतो.

परतीच्या मिनीडोरमधून गावाच्या अंगाला हिरवं दिसायला हवं होतं, तिथं त्याला आभाळ दिसलं. सगळं शेत लख्ख, आरशासारखं, आणि त्यात ढग चाललेले. मिनीडोरवाला म्हणाला, "चिंचखारचा बांध जेला ना दुपारला. पन्नास-साठ फूट खांड पडलीय म्हनतान." निकेतच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा होता. तो त्यानं दोन्ही हातांनी धरला, जणू तोच फुटणार होता.

चारशे बारा गोष्टींत जग संपलेलं त्यानं वाचलं होतं. एकाही गोष्टीत शेतात उभं भात असताना त्यावर खारं पाणी हळूच, आवाज न करता, बसत नव्हतं. खारं एकदा बसलं की ते साल गेलं, आणि पुढली दोन सालंही भाताची काडी पिवळीच येते.

पाच वाजले होते. पाणी ओसरत होतं आणि अख्खं गाव खांडीवर होतं. ओहोटीत खांड बांधून काढली नाही तर पुढच्या भरतीला दुप्पट होते, म्हणून ओरडायला कुणाला सवड नव्हती. बांबू ठोकलेले, पेंढ्याच्या गुंड्या, आणि बायका-पुरुषांची रांग चिखलाची ढेकळं हातोहात पुढे देत होती. पिठोरीचा उपास सोडायचा राहिलेली सखुबाई रांगेत मध्यावर, कासोटा मारून.

निकेतला बघून रांग थांबली नाही. शेजारच्या घरातली नेत्रा, त्याची चुलत बहीण आणि त्याच्याच वर्गातली विद्यार्थिनी, ढेकूळ पुढे देता देता म्हणाली, "दादा, स्टेटस छान हाय तुजा. मी सगल्यांना दाखवला."

"कोणता..." निकेत म्हणाला.

"लाल फडक्याचा." विठोबाकाका खांडीच्या काठावर उभे होते, मांड्यांपर्यंत चिखल. "फडका मी काल सांजला बांधला. त्याच्या आधी तिथं फडका नव्हता. नि आज दुपारपासून बांबू पन नाय, फडका पन नाय. मंग फोटो कवाचा, सांग."

निकेतनं खिशातला फोन चाचपला.

"सकाली मी इचारला याच्या आयला," गोदूबाई लांबून म्हणाली, "बारी झाली का गो? म्हनते, झाली, माजा निकेत बगत जेला. बगतच जेला बग!"

हातातलं ढेकूळ सखुबाईनं पुढच्याला दिलं नाही, ते घेऊन ती निकेतपर्यंत आली आणि त्याच्या हातावर ठेवलं. पेढ्यांचा पुडा काढून घेतला. "उतर," ती म्हणाली.

खांड बुजवताना मधोमध एक माणूस उभा राहावा लागतो. पाणी त्याच्या पायाखालून पळतं, त्यामुळं ढेकूळ कुठं बसवायचं ते त्यालाच कळतं. ती जागा ज्याचं भोक त्याची. "पँट तरी बदलून..." निकेत म्हणाला. सदा, तो चिंबोरीचा नवरा, म्हणाला, "मी हलद लावून उतरलो व्हतो. तू इस्त्री करून उतर." रांगेत कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळेच हसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो उतरला. कमरेएवढं पाणी, खाली पाय रोवला की माती निसटायची. एकामागून एक ढेकळं येत होती आणि तो ती पायानं दाबत होता. पहिली सात-आठ वाहून गेली. "टाचेनं!" विठोबाकाका ओरडले. "पुस्तक उलटतंस तसा नको दाबू!"

अर्धी खांड झाली आणि काकांच्या खिशातला फोन वाजला. चिखलाच्या हातानं त्यांना बटण सापडेना, म्हणून नेत्रानं दाबलं आणि आवाज मोठा झाला.

"विठोबा, कमलेश बोलतंय. तुमचा बांध जेला आयकला. मुरमाचे दोन डंपर सोडलेत, उतरवून घे."

"उपकार झालं शेट."

"उपकार कसला. आज तुमच्या गावचा पोरगा घेतला आमी कॉलेजात. मागल्या अमाशेला त्याने एकट्याने भोक बुजवला म्हनं. तसा पोरगा आज बांधावर असता तर ही खांड पडती का, सांग."

साठ माणसं ऐकत होती. विठोबाकाकांनी निकेतकडे बघितलं. मग ते चिखलातून दोन पावलं आत आले आणि फोन त्यांनी निकेतच्या कानाशी धरला. "शेट, त्यो इथंच हाय. त्याच्याशीच बोला."

निकेतचे दोन्ही हात ढेकळात होते. कान काढून घेण्याची सोय नव्हती. समोर आय उभी होती, एका हातात पेढे, दुसरा हात चिखलाचा. आणि त्या फोनच्या पलीकडे ती एक खुर्ची.

"शेठ," तो म्हणाला, "फोटो आजचा हाय."

"कं?"

"आज सकालचा. मना भोक दिसला, नि मी तुमच्याकडं आयलो. बुजवला नाय."

याला कोणी प्रामाणिकपणा म्हणू नये. साठ साक्षीदार काठावर असताना माणूस खरं बोलतो त्याला वेगळं नाव असतं. पण बोलला, आणि बोलीत बोलला, एवढं खरं.

पलीकडून कमलेशशेठ म्हणाले, "आता कुठं हाईस?"

"खांडीत."

"मंग ऱ्हा तिथंच." फोन बंद झाला.

डंपर मात्र आले. दिवेलागणीला खांड बुजली. सगळ्यांनी चिखलाच्या हातांनी पेढे खाल्ले, कारण पेढ्यांचा काय दोष. गोदूबाई म्हणाली, खारट लागतात. बत्तीस घरांचं भात मात्र त्या सहा तासांत गेलं. सखुबाईचं त्यात होतं. पिवळी पडलेली भाताची आवणं ती रोज जाऊन बघायची आणि घरी येऊन निकेतला वाढायची, नेहमीएवढंच.

नोकरीचं असं झालं की निकेतचं नाव पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलं. पहिल्या नावाचे गृहस्थ घाटावरून आले, रुजू झाले, सतरा दिवस राहिले. त्यांना हवा मानवेना, मासळीचा वास सोसेना, सतराव्या दिवशी ते परत गेले. मग दुसऱ्या नावाला पत्र आलं. कुणी म्हणतं कमलेशशेठनी शब्द टाकला. कमलेशशेठना विचारलं तर ते म्हणतात, "शब्द कसला? तिसरा उमेदवारच नव्हता." तेव्हा निकेत मोकल आज कायम आहे. त्याला खुर्ची आहे. भोक सोडून गेल्याचा दंड म्हणून वर्षभर गावाची प्रत्येक बारीही त्याच्याच घरावर आहे. महिन्याला दोन किरकोळ रजा, कारणाच्या रकान्यात 'उधाण' असं लिहितो, आणि कमलेशशेठची सही झाल्यामुळं कारकून काही बोलत नाही. टाच आता बरी रोवतो. हाक मारायला अजून जमत नाही. वर्गात बोलल्यासारखा "कोणी आहे का?" असं विचारतो.

सुधारला म्हणाल, तर तेही ऐका. गेल्या शिमग्याच्या सुमारास त्याचा एक लेख कुठल्याशा आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. नेत्रानं तो मोबाईलवर उघडला आणि सखुबाईला, सोडे वाळत घालता घालता, आपल्या भाषेत करून सांगितला. खारेपाट, बांध, भोक, खांड, सगळं होतं. फोटोही तोच. सकाळी भोक पाहून निघून गेलेल्या माणसाचं विश्लेषण दोन पानं होतं. त्या माणसाला लेखात नाव नव्हतं. 'एक स्थानिक तरुण' असं लिहिलं होतं.

सखुबाईनं सोडे पसरले, पसरलेले पुन्हा हातानं सारखे केले.

"तरुन?" ती म्हणाली. "चालीस सरलं त्याला." मग 'अंतानंतर'ची पिशवी झटकून तिनं काखेत मारली. "त्याला म्हनावा, लिवलास ते लिवलास. परवा पुनव हाय. त्या स्थानिक तरुनाला सांग, फावडा घेऊन सहाला हजर ऱ्हा."